चेन किती तोळ्यांची हे सगळे विचारतात, किती इंचांची हे कुणीच विचारत नाही

गेल्या महिन्यात पुण्यात शिकणारा माझा भाचा सुट्टीला कोल्हापुरात आला आणि दुसऱ्याच दिवशी मला गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, घेऊन गेला. इन्स्टाग्रामवरचे एक छायाचित्र त्याने मोबाइलमध्ये जपून ठेवले होते. खांद्यावरून उतरलेला सैल काळा टी-शर्ट, त्यावर छातीच्या मध्यापर्यंत आलेली चेन आणि पायात मोठाले पांढरे बूट. त्याला नेमकी तशीच चेन हवी होती. छायाचित्रातील मुलगा उंच, सडपातळ आणि लांब मानेचा होता; आमचे भाचेबुवा मात्र दोन वर्षे तालमीत घाम गाळलेले, रुंद खांद्यांचे, आणि त्यांची मान आखूड व सतरा इंच घेराची. सराफाने पहिला प्रश्न विचारला, तो 'किती ग्रॅमपर्यंत दाखवू?' हा होता. पुढच्या अर्ध्या तासात वजन, घडणावळ, शुद्धता आणि उद्या मोडायला आणली तर किती मिळतील, या सगळ्यांविषयी सविस्तर बोलणे झाले. लांबीचा विषय निघाला तो चेन गळ्यात पडल्यावर, आणि तोही आरशासमोर उभ्या असलेल्या भाच्याच्या चेहऱ्यावरची नाराजी पाहून.

हा अनुभव काही त्या एका दुकानातला नाही, म्हणून हे लिहीत आहे. चेन पुरुषाला शोभते की नाही, हे तिच्या वजनापेक्षा तिच्या लांबीवर अधिक अवलंबून असते. आणि लांबी ठरते ती मानेच्या घेरावरून आणि अंगातील कपड्याच्या गळ्यावरून. आपण मात्र आधी तोळे ठरवतो, मग नक्षी पाहतो, आणि लांबी दुकानात जी तयार असेल ती पत्करतो.

आश्चर्य याचे वाटते की आपल्याच घरातील स्त्रियांना हा विचार कुणी शिकवावा लागत नाही. ठुशी आणि चिंचपेटी गळ्यालगत बसायच्या, मोहनमाळ आणि चपलाहार छातीवर रुळायचे, हे दागिन्याच्या नावातच ठरून गेलेले आहे. ठुशीच्या मागे गोंड्याची दोरी असते, त्यामुळे ती एक बोट वर-खाली करता येते. सासूची ठुशी सुनेच्या गळ्याला बसते ती त्या दोरीमुळेच. पुरुषांच्या दागिन्यांतही कंठी हा शब्द होता आणि तो जागा सांगणाराच शब्द होता. पुढे कंठी गेली, गोफ मागे पडला, आणि सगळ्यांच्या जागी 'चेन' हा एकच शब्द आला, ज्यातून लांबीविषयी काहीही कळत नाही.

त्याहूनही महत्त्वाचे कारण आपल्या लग्नांत आहे. आपल्याकडे पुष्कळ पुरुषांच्या गळ्यातली पहिली सोन्याची चेन ही सासरकडून आलेली असते. बैठकीत दीड तोळा की दोन तोळे यावर चर्चा होते, कधी ताणाताणीही होते. परंतु जावयाच्या मानेचा घेर किती, हे विचारल्याचे मी आजवर ऐकलेले नाही. अंगठीसाठी बोटाचे माप आवर्जून घेतात, कारण अंगठी घट्ट झाली तर बोटात जातच नाही. चेन मात्र कशीही असली तरी गळ्यात जाते, म्हणून ती चालते असे धरले जाते. माझ्या लग्नात मला मिळालेली चेन पंधरा ग्रॅमची आणि १८ इंचांची होती. माझ्या शर्टाची कॉलर साडेसोळा इंचांची. म्हणजे मोकळीक उरली दीड इंच. ती चेन लग्नाच्या एकाही छायाचित्रात दिसत नाही, कारण ती कॉलरच्या आत दडून बसली होती. उन्हाळ्यात घामाने मानेला चिकटायची ती वेगळीच. पुष्कळ वर्षांनी मी तिला हुकाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंचांच्या साध्या कड्या जोडून घेतल्या. मूळची मशीनची वीण जुळणारी नव्हतीच, परंतु मानेमागचा तो भाग कॉलरखाली झाकला जातो. त्या चार इंचांना सव्वातीन ग्रॅम सोने लागले आणि एवढ्या वर्षांत प्रथमच ती चेन मी आवडीने घालू लागलो.

हा हिशोब प्रत्येकाने दुकानात जाण्यापूर्वी करावा, कारण खरी अडचण येथेच आहे. एकाच जाडीच्या चेनचे वजन लांबीबरोबर सरळ वाढते. २० इंचांची चेन सोळा ग्रॅमची असेल, तर प्रत्येक इंच ०.८ ग्रॅमचा, तीच २४ इंचांची हवी असेल तर १९ ग्रॅमच्या वर जाईल. पैसे ठरलेले असले की माणसाला दोनच वाटा उरतात: लांबी कमी करून जाडी राखायची, किंवा जाडी कमी करून लांबी राखायची. आपल्याकडील माणूस जवळजवळ नेहमी पहिली वाट धरतो, कारण जाड चेन 'भरीव' दिसते. माझा स्पष्ट सल्ला याच्या उलट आहे. एक मिलिमीटर बारीक झालेली चेन कुणाच्या लक्षात येत नाही, दोन इंच आखूड झालेली चेन मात्र लांबूनही खटकते. तिसरी वाट पोकळ चेनची आहे. ती जाड दिसते आणि वजनाला हलकी असते, पण एकदा चेपली की पूर्ववत होत नाही आणि तिची दुरुस्ती करायला कारीगर कुरकुरतात.

आता मुद्द्याचे माप. साधारण बांध्याच्या पुरुषाला १८ इंचांची चेन गळ्याच्या हाडांपाशी, २० इंचांची त्याच्या किंचित खाली, २२ इंचांची शर्टाच्या वरून दुसऱ्या बटणाच्या आसपास आणि २४ इंचांची छातीच्या वरच्या भागावर येते. ज्यांची मान पंधरा इंचांपेक्षा कमी आहे, त्यांच्यासाठी यातली प्रत्येक चेन थोडी खाली उतरेल. ज्यांची सतरा आहे, त्यांच्यासाठी वर चढेल. म्हणून मानेच्या घेरात निदान तीन-चार इंच मिळवल्याशिवाय चेन घेऊ नये, हा किमान नियम धरावा. परंतु स्ट्रीट स्टाइल म्हणून आजची मुले जे कपडे घालतात, त्यांत मानेपेक्षाही टी-शर्टाचा गळा अधिक निर्णायक ठरतो. गोल गळ्याच्या टी-शर्टाची पट्टी नेमकी तिथे येते जिथे १८ किंवा २० इंचांची चेन येऊ पाहते. परिणामी चेन अर्धी पट्टीवर आणि अर्धी पट्टीखाली राहते, चालताना आत-बाहेर होते, आणि पाहणाऱ्याला वाटते की घालणाऱ्याने आरसाच पाहिलेला नाही. गोल गळ्यावर चेन घालायची असेल तर ती एक तर पूर्णपणे आत राहावी, नाही तर पूर्णपणे कापडावर रुळावी. आणि कापडावर रुळण्यासाठी २२ इंचांखाली जाऊन चालत नाही. ओव्हरसाइज टी-शर्ट असेल तर २४, उंच माणसाला २६ सुद्धा. तेथे कापडाचा पसारा एवढा मोठा असतो की आखूड चेन त्यात हरवते. याउलट वरची दोन बटणे उघडी ठेवलेला सैल शर्ट हा २० इंचांच्या बारीक चेनचा खरा मित्र आहे, आणि माझ्या मते आपल्या हवेत तोच पोशाख सर्वांत सुखाचा. हुडीबद्दल मी काही बोलत नाही. कोल्हापूर-पुण्याकडे हुडीवर चेन घालण्याचे दिवस वर्षात मोजून चार.

लांब चेन कापडावर घालण्याची ही पद्धत आली कुठून, हे पाहिले म्हणजे तिचे कारणही उलगडते. १९८० च्या दशकात न्यूयॉर्कमधील रन-डीएमसीसारख्या रॅप मंडळींनी जाडजूड पिळाच्या सोन्याच्या चेन घातल्या त्या ट्रॅकसूटवर. गळ्यापर्यंत झिप ओढलेल्या जॅकेटवर चेन दिसायची तर ती लांब असणे भागच होते. पुढे चेनला नावाची, अक्षरांची मोठमोठी पदके आली. त्या पदकांच्या भारामुळे आणि आकारामुळे चेन आणखी लांब झाली. पुण्याच्या ताडीवाला रोडवरून पुढे येऊन २०२३ मध्ये हिंदी 'बिग बॉस' जिंकणाऱ्या एमसी स्टॅनच्या गळ्यातील 'हिंदी' या अक्षरांचे लॉकेट आपल्या मुलांनी पाहिले, आणि तेव्हापासून प्रत्येकाला तसे काहीतरी हवे आहे. हरकत काहीच नाही. मात्र त्या चेनची लांबी त्या कपड्यांसाठी आणि त्या लॉकेटसाठी आहे. ती उचलून कडक इस्त्रीच्या फॉर्मल शर्टावर ठेवली तर ती रॅपरची न वाटता गणपती मंडळाच्या अध्यक्षांची वाटते. (अध्यक्षांविषयी मला आदर आहे. त्यांच्या पांढऱ्या शर्टावर ती शोभते, कारण तो पोशाखच त्या चेनभोवती रचलेला असतो.) सोने वजनावर मिरवण्याची हौस आपल्याकडे किती टोकाला जाऊ शकते, हे पिंपरी-चिंचवडमध्ये तीन किलोंहून अधिक सोन्याचा शर्ट शिवला गेला तेव्हा आपण पाहिलेच आहे. त्या शर्टाचे वजन सर्वांना पाठ होते; तो अंगाला कसा बसला होता, याविषयी कुणी चकार शब्द काढला नाही.

माप घेण्याचा माझा मार्ग अगदी साधा आहे. जो टी-शर्ट किंवा शर्ट आपण सर्वाधिक घालतो तो अंगात घालावा, एक जाडसर दोरा गळ्यात टाकावा, आरशासमोर उभे राहून तो हवा तिथे आणावा, मागे चिमटीत धरून तेथे गाठ मारावी आणि मग दोरा कापून शिंप्याच्या टेपने मोजावा. बसून, वाकून आणि दुचाकीवर बसल्यासारखे पुढे झुकूनही पाहावे. लॉकेट घालायचे असेल तर दोऱ्याला एक किल्ली अडकवावी, कारण लॉकेटचा भार चेनला टोकदार करतो आणि ते स्वतः आणखी इंच-दीड इंच खाली लोंबते. येथे दोन गोष्टींत बहुतेक जण फसतात. चेन दोन इंचांनी वाढवली की ती दोन इंच खाली येईल असे वाटते, प्रत्यक्षात ती सुमारे एकच इंच खाली येते, कारण वाढलेली लांबी दोन्ही बाजूंत वाटली जाते. दुसरी गोष्ट जाडीची. सहा मिलिमीटर जाडीचा गोल पिळाचा गोफ त्याच लांबीच्या दोऱ्यापेक्षा आतून जवळपास पाऊण इंचाने आखूड बसतो, म्हणून जाड चेन घेताना दोऱ्याच्या मापापेक्षा एक आकार मोठा घ्यावा.

दोन चेन एकावर एक घालण्याची सध्या हौस आहे. त्यांच्या लांबीत किमान चार इंचांचे अंतर ठेवावे, नाहीतर दुपारपर्यंत दोघींची एक वेणी होते. आपल्याकडील पुष्कळांच्या गळ्यात तुळशीची माळ असते, आणि ती गळ्याशी बसणारी पहिली माळ आधीच असल्याने अशा माणसाने १८-२० इंचांच्या वाटेला जाऊच नये. २२ किंवा २४ इंचांची बारीक चेन माळेखाली फार सुंदर दिसते. माळ आणि चेन एकमेकींना घासत राहिल्या तर मणी झिजतात, हे वारकरी घरातील वडीलधारे आधीच सांगतील. गळ्यात वाघनख अडकवू पाहणाऱ्यांना एवढेच सांगतो की खरे असेल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि खोटे असेल तर त्याच्यासाठी चेन खाली ओढून घेण्यात अर्थ नाही.

भाच्याचे पुढे काय झाले ते सांगतो. छायाचित्रातील चेन २० इंचांची असावी असा त्याचा अंदाज होता; दोऱ्याचे माप त्याच्या अंगावर २४ आले. चांदीच्या दागिन्यांचे गाव हुपरी जवळच असल्याने चांदीचा पर्याय आम्हाला सोपा होता. त्याने सोन्याचा हट्ट सोडला, ९२.५ टक्के शुद्धतेच्या चांदीची पाच मिलिमीटरची चेन २४ इंचांत घेतली आणि सराफाकडून २२ इंचांवर एक जादा कडी जोडून घेतली, म्हणजे शर्ट घातल्यावर हुक त्या कडीत अडकवून चेन वर घेता येईल. ठुशीची दोरी करते तेच काम ती कडी करते. सराफाला हे नवीन वाटले नाही. असे करून मागणारे थोडे असतात, एवढेच तो म्हणाला.

पुढच्या महिन्यात माझ्या पुतणीचे लग्न आहे. जावयाचा सूट ज्या शिंप्याकडे शिवायला टाकला आहे, त्याच्याकडून मी कॉलरचे माप मागवून घेतले: साडेपंधरा. परवा विहीणबाईंचा फोन आला आणि इकडचे-तिकडचे झाल्यावर त्यांनी हळूच विचारले की चेन किती तोळ्यांची करताय. मी म्हटले, "बावीस इंचांची." पलीकडे बराच वेळ शांतता होती.