जुन्या डिजिकॅमचं श्रेय सीसीडीला नको, फ्लॅशला द्या

रील्समधून आणि व्हॉट्सॲपवरून एक दावा सतत फिरतो आहे: कपाटात पडलेला किंवा जुन्या बाजारातून उचललेला सीसीडी सेन्सरचा (उजेड टिपणाऱ्या जुन्या प्रकारच्या चिपचा) छोटा डिजिटल कॅमेरा, म्हणजे डिजिकॅम, आजच्या महागड्या मोबाइलपेक्षा सरस फोटो काढतो. त्यासाठी पाच कारणं दिली जातात. सीसीडीचे रंग फिल्मसारखे असतात, मेगापिक्सेल भरपूर असतात, झूम खरा असतो, रात्रीचे फोटो झकास येतात आणि जुन्या वस्तू टिकाऊ असतात. यातली तीन कारणं चुकीची आहेत आणि दोनांत अर्धं तथ्य आहे. ते अर्धं नेमकं कुठलं हे कळलं, तर कॅमेरा घेतानाही फसगत होत नाही आणि घेतल्यावर हिरमोडही होत नाही.

आधी रंगांचं बघू, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. सेन्सर सीसीडी असो की आजच्या मोबाइलमधला सीमॉस, त्याला रंग कळतच नाहीत. पिक्सेलवर किती उजेड पडला एवढंच तो मोजतो. रंग कळतो तो पिक्सेलांवर बसवलेल्या लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांमुळे. ही मांडणी कोडॅकच्या ब्राइस बेयर यांची, पेटंट १९७६ चं, आणि ती दोन्ही प्रकारच्या सेन्सरांवर असते. त्यानंतर कॅमेऱ्यातला प्रोसेसर व्हाइट बॅलन्स, कॉन्ट्रास्ट आणि त्वचेची छटा ठरवून जेपेग तयार करतो. फोटोचा ‘स्वभाव’ मुख्यतः तिथे घडतो.

याचा पुरावा सीसीडीच्याच इतिहासात आहे. २००५ मध्ये सोनीने बनवलेले काही सीसीडी उष्ण आणि दमट हवेत निकामी होत असल्याचं उघड झालं. पडदा काळा पडायचा, नाहीतर जांभळट, ओढल्यासारखं चित्र दिसायचं. त्या वेळी कॅनन, निकॉन, फुजीफिल्म, कोनिका मिनोल्टा अशा वेगवेगळ्या कंपन्यांना मोफत दुरुस्ती जाहीर करावी लागली. म्हणजे इतक्या ब्रँडांच्या पोटात एकाच कंपनीचे सीसीडी होते, तरी त्यांचे रंग एकमेकांसारखे नव्हते. सीसीडीचा म्हणून काही रंग असता, तर ते सारखे दिसायला हवे होते.

मग जुना फोटो वेगळा का वाटतो? कारण तो एकाच क्लिकचा असतो. मोबाइल एका दाबात अनेक फ्रेम घेतो, त्या एकावर एक बसवतो, सावल्या उजळतो, आभाळ सावरतो आणि कडा धारदार करतो. जुना कॅमेरा यातलं जवळजवळ काहीच करत नाही. सावली काळी राहते, खिडकीबाहेरचं आभाळ पांढरं फटक जातं. ते डोळ्यांना आवडत असेल तर खुशाल आवडू द्या, पण त्यासाठी फक्त सीसीडी शोधत जास्तीचे पैसे मोजू नका. सीसीडीचा एक स्वतःचा दोषही आहे. व्हिडिओ घेताना चौकटीत रस्त्यावरचा दिवा किंवा मावळता सूर्य आला की वरपासून खालपर्यंत उजळ उभी रेघ उमटते.

मेगापिक्सेलचा मुद्दा एका खऱ्या कॅमेऱ्यावर तपासू. कॅननचा इक्सस १८५ हा २०१७ चा, म्हणजे बऱ्याच उशिराचा सीसीडी कॅमेरा. २० मेगापिक्सेल, ८ पट झूम, लेन्सवर लिहिलंय ५.०-४०.० मिमी १:३.२-६.९. सेन्सर १/२.३ इंची, म्हणजे प्रत्यक्षात साधारण ६.२ × ४.६ मिमी. बोटाच्या नखाहून लहान जागेत २० मेगापिक्सेल कोंबले की एक पिक्सेल जेमतेम १.२ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) उरतो. आता झूम पूर्ण ताणा. लेन्सचं उजेड आत घेणारं भोक एफ ६.९ होतं; एफचा आकडा जितका मोठा, तितकं भोक लहान. इतक्या बारीक भोकातून आलेला प्रकाश पसरतो, आणि प्रत्येक बिंदूची सेन्सरवर सुमारे ९ मायक्रॉन रुंद चकती होते. म्हणजे एकच बिंदू सात-आठ पिक्सेल रुंदीवर सांडतो. लेन्स कितीही स्वच्छ असली तरी हे टळत नाही. म्हणून मेनूत २० ऐवजी मधला आकार निवडलात तर तपशील फारसा जात नाही आणि कार्ड मात्र जास्त पुरतं.

‘४८ मेगापिक्सेल, १६ एक्स झूम’ असं खोक्यावर छापलेले नवे स्वस्त कॅमेरे तर यात धरूच नका. त्यांत लहान सेन्सरचं चित्र फुगवून आकडा गाठलेला असतो आणि झूम म्हणजे नुसती कातरणी. ओळखायची खूण सोपी आहे: कॅमेरा चालू केल्यावर लेन्स बाहेर येत नाही, लेन्सभोवती मिमी आणि एफचे आकडे नसतात, आणि फ्लॅशच्या जागी एलईडीचा ठिपका असतो.

झूम खरा असतो, हे मान्य. लेन्सची भिंगं पुढेमागे सरकतात, चित्र कापलं जात नाही. पण त्याची किंमत उजेडात मोजावी लागते. ट्यूबलाइटच्या साधारण खोलीत आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ८०० ला इक्सस १८५ रुंद टोकाला, म्हणजे झूम न ताणता, सेकंदाच्या पन्नासाव्या भागात फोटो घेऊ शकतो. पूर्ण झूमवर त्याला दहाव्या भागाइतका वेळ लागतो, आणि हाताच्या थरथरीने फोटो हलू नये म्हणून हवा असतो अडीचशेवा भाग. इक्सस १८५ मध्ये भिंग हलवून थरथर सावरण्याची सोयही नाही. तेव्हा झूम भर दुपारी, मैदानात वापरावा. घरात तो ताणला की फोटो हललेलाच येणार. आणि मेनूतला डिजिटल झूम पहिल्याच दिवशी बंद करा.

रात्रीच्या फोटोंबद्दल दावा करणाऱ्यांनी जे पाहिलं ते खरं आहे, कारण मात्र चुकीचं लावलंय. फ्लॅश न लावता काढलेला रात्रीचा फोटो या कॅमेऱ्यात दाणेदार आणि डागाळलेला येतो. आयएसओ ४०० च्या पुढे तर चेहऱ्यावरची कातडी पुसल्यासारखी होते. फोटोत जान आणतो तो झेनॉन फ्लॅश. मोबाइलचा एलईडी बराच वेळ मंद जळतो. झेनॉनची नळी सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहूनही कमी वेळात सगळा उजेड ओतते, त्यामुळे नाचणाऱ्याचा हातही जागच्या जागी थिजतो. अंतर वाढलं की हा उजेड वर्गाच्या हिशेबाने घटतो. माणूस १ मीटरवर आणि भिंत ३ मीटरवर असेल, तर भिंतीला नववाच हिस्सा मिळतो. लखलखीत चेहरा आणि मागे काळोख हा ‘डिजिकॅम लुक’ एवढ्या साध्या गणितातून येतो. सीमॉस सेन्सरच्या कोडॅक पिक्सप्रो एफझेड४५ मध्येही तो मिळतो, कारण त्यातही फ्लॅश आहे.

हा लुक हवा असेल तर फ्लॅश ‘ऑटो’वर न ठेवता सक्तीने चालू करा. झूम अजिबात ताणू नका, आयएसओ १०० किंवा २०० ठेवा आणि माणसापासून १ ते २.५ मीटरवर उभे राहा. त्वचा पांढरी पडत असेल तर एक्स्पोजर उणे २/३ करा. बटण आधी अर्धं दाबा, चौकट हिरवी झाली की पूर्ण दाबा. हे न केल्यानेच निम्मे फोटो धूसर येतात. पावसात फ्लॅश मारलात तर लेन्सजवळचे थेंब पांढरे गोळे होऊन उमटतील. तो कॅमेऱ्याचा बिघाड नव्हे.

राहिला टिकाऊपणा, आणि पैसे सर्वांत जास्त बुडतात ते इथेच. कोकण, गोवा, मुंबईच्या दमट हवेत बंद कपाटात राहिलेल्या कॅमेऱ्याच्या लेन्सला बुरशी धरते. कॅमेरा चालू करून, लेन्स बाहेर आल्यावर टॉर्च तिरपी मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर घेऊ नका. झूम तीन-चार वेळा पुढेमागे करा. घरघर आली किंवा लेन्स अर्ध्यात अडकली तर आत वाळू गेलेली असते नाहीतर कॅमेरा पडलेला असतो, आणि दुरुस्ती बहुधा कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा महाग पडते. पूर्ण झूमवर पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्या. सेन्सरवर धूळ असेल तर करडे डाग दिसतील. सलग पाच वेळा फ्लॅश मारून बघा.

कार्डाची अडचण घरी गेल्यावर कळते. २००६ च्या आधीचे बहुतेक एसडी कॅमेरे २ जीबीपेक्षा मोठं कार्ड वाचत नाहीत, आणि तेवढं लहान कार्ड आता सहज मिळत नाही. जुन्या ऑलिंपस आणि फुजीला एक्सडी कार्ड लागतं, जुन्या सोनीला मेमरी स्टिक. कार्ड हातात नसेल तर सौदा तिथेच थांबवा.

पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा असेल तर सेलचा खण उघडा. स्प्रिंगवर पांढरी-हिरवी पूड म्हणजे सेल आत गळलेले आहेत. पूड नसेल तर साधे अल्कलाइन सेल न घालता रिचार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल घाला. फ्लॅश भरताना कॅमेरा एकदम जोराचा करंट ओढतो, त्या ताणाखाली अल्कलाइनचं व्होल्टेज कोसळतं आणि वीसेक फोटोंतच ‘बॅटरी संपली’ असं दिसू शकतं. तेच ‘संपलेले’ सेल भिंतीवरच्या घड्याळात पुढे कित्येक महिने चालतात.