व्हायरस होता, काका

वेळेवर न येणे हा कोकणात कोणत्याही कारागिराचा दोष मानला जात नाही. गवंडी, वायरमन, नारळ पाडणारा, पंप दुरुस्त करणारा हे सगळेच उद्या येतात, आणि तो उद्या कोणता हे विचारणे असभ्यपणाचे समजले जाते. त्यामुळे आमचे संगणकतज्ज्ञ सकाळी दहाला फोनवर 'काका, भाट्याच्या पुलावर आहे' असे सांगत आणि मागे कोंबडा आरवल्याचे मला स्पष्ट ऐकू येई, तेव्हा मी त्यांना बेभरवशाचे म्हटले नाही. रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून आमच्या पावसकडच्या बाजूला येईपर्यंत दुपार होते, हे गृहीत धरूनच आम्ही जगतो. बेभरवशाचा माणूस खरा कळतो तो आल्यानंतर. तो येतो, काहीतरी करतो, पैसे घेतो आणि निघून जातो, पण नेमके काय बिघडले होते हे तो गेल्यावरही तुम्हाला कळलेले नसते.

आमचा व्यवसाय म्हणजे आंबा, आमसुले, कोकमाचे आगळ, आंबापोळी आणि फणसपोळी. बिलिंगसाठी दोन संगणक, एक प्रिंटर आणि एक यूपीएस एवढाच आमचा तांत्रिक संसार. पण एप्रिलमध्ये हापूसच्या पेट्यांची बिले छापताना त्यातला एक जरी रुसला, तरी दारातला टेम्पो, टेम्पोतला आंबा आणि आंब्यापेक्षा लवकर तापणारा ड्रायव्हर हे सगळे एकदमच ओरडू लागतात.

आमच्या तज्ज्ञांचे निदान ठरलेले होते. यूपीएस रात्रंदिवस टूंटूं करू लागला, व्हायरस. जुलैच्या दमट हवेत मऊ पडलेला कागद प्रिंटरमध्ये गुंडाळला गेला, तोही व्हायरस. पुढे यूपीएसची बॅटरी फुगून त्याचे झाकणच उघडले, तेव्हा मात्र त्यांनी 'व्हायरस बॅटरीपर्यंत गेला' असे गंभीरपणे सांगितले. व्हायरसवर उपाय एकच, फॉरमॅट, म्हणजे संगणकातले सगळे पुसून पुन्हा पहिल्यापासून. तो बहुधा महिन्याच्या 20 तारखेच्या आसपास होई. त्याच दिवशी 3बी हे जीएसटी विवरणपत्र भरण्याची मुदत संपत असते आणि त्यानंतर दिवसाला पन्नास रुपये विलंब शुल्क लागते, त्यातले निम्मे केंद्राला आणि निम्मे राज्याला. आमच्या फॉरमॅटमुळे दोन्ही सरकारांच्या तिजोरीत समान भर पडत असे.

फॉरमॅटनंतर जी विंडोज टाकली जाई ती परवान्याशिवायची. ती चालू राहावी म्हणून एक ॲक्टिव्हेटर टाकावा लागे आणि तो टाकण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करावा लागे. म्हणजे व्हायरस घालवण्यासाठी आलेला माणूस पहारेकऱ्याला घरी पाठवून दार सताड उघडे ठेवून जात होता. विंडोज 10 ला कंपनीकडून मिळणाऱ्या नियमित सुरक्षा दुरुस्त्या 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबल्या, हे मी वर्तमानपत्रात वाचून त्यांना दाखवले. 'बंद पडलंय का? चालतंय ना?' एवढाच त्यांचा युक्तिवाद होता. ज्या किनाऱ्यावर निम्म्या होड्यांची इंजिने आणि बहुतेक सगळ्या शासकीय विश्रामगृहांचे नळ याच तत्त्वावर चालतात, तिथे याला उत्तर देणे सोपे नाही.

त्यांच्या विद्येचा एक भाग मात्र खरा होता, आणि तो त्यांनी वर्षानुवर्षे लपवून ठेवला. संगणक सुरू न होता नुसता तीनदा टुकटुकला, की ते मागचे झाकण उघडत आणि मला म्हणत, 'काका, जरा थंड काहीतरी मिळेल का?' मी कोकम सरबत घेऊन येईपर्यंत संगणक सुरू झालेला असे. एकदा सरबत आधीच तयार होते, म्हणून मी लवकर परतलो. गृहस्थ पाठमोरे बसून रॅमची हिरवी पट्टी काढून तिच्या कडेचे सोनेरी दात शाळकरी मुलाच्या खोडरबराने घासत होते! मला पाहताच खोडरबर खिशात गेला आणि बिलावर 'मदरबोर्ड सर्व्हिसिंग' असे लिहिले गेले. समुद्राकडची खारट, दमट हवा त्या दातांवर पापुद्रा धरते आणि संपर्क तुटतो, एवढेच ते असते. हे त्यांनी सांगितले असते तर आम्ही संगणक खिडकीपासून हलवला असता. पण मग खिडकीपाशी बसून सरबत प्यायला कोणी बोलावले असते?

बॅकअपची गोष्ट जास्त गंभीर आहे. संगणकावर 'बॅकअप', 'बॅकअप नवा' आणि 'बॅकअप खरा' असे तीन फोल्डर होते आणि ते पाहून मला फार सुरक्षित वाटे. तिन्ही फोल्डर डी ड्राइव्हवर होते आणि सी व डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे आहेत, हे डिस्क गेल्यावर कळले. या क्षेत्रातला साधा नियम असा, की माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यातली एक तरी दुसऱ्या जागी असावी. दुसरी जागा म्हणून सौभाग्यवतींनी चिपळूणचे माहेर सुचवले. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीच्या पुराने तिथल्या बाजारपेठेत काय केले हे आठवून मी माहेरच्या वरच्या मजल्याचा आग्रह धरला आणि दोन दिवस अबोला सोसला.

मग आले भुताटकीचे प्रकरण. तिन्हीसांजेला आमच्या बिलिंगच्या ताईंच्या पडद्यावर माउसचा बाण आपोआप फिरू लागला. फायली उघडत होत्या, मिटत होत्या. ताईंनी माउस टेबलावरून उचलून हातात धरला, तरी बाण फिरतच राहिला. आमच्याकडे अशा गोष्टीचा विचार एकाच दिशेने होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरव आले, नारळ ठेवला गेला आणि 'ह्या लेकराच्या धंद्यात कोणी वाकडी नजर ठेवली असेल तर ती दूर कर' असे गाऱ्हाणे घातले गेले. गाऱ्हाणे अचूक होते, फक्त पत्ता चुकला होता. आमच्या तज्ज्ञांनी घरबसल्या संगणक हाताळता यावा म्हणून रिमोटचा कायमचा पासवर्ड लावून ठेवला होता आणि तो त्यांच्या सर्व गिऱ्हाइकांना एकच होता. त्या संध्याकाळी ते चुकून आमच्या संगणकात शिरून दुसऱ्याच दुकानाचे बिघाड शोधत होते. आमच्याकडेही त्यांना व्हायरस सापडला.

शेवटची काडी पडली ती ऐन अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात. आमचे संकेतस्थळ दिसेनासे झाले, कारण त्याचे डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, आमच्या नव्हे, तर त्यांच्या नावावर नोंदवलेले होते आणि नूतनीकरणाचे इशारे त्यांच्याच ई-मेलवर जात होते. तो ई-मेल ते उघडत नसत. 'त्यात व्हायरस असतात, काका,' असे त्यांनी सांगितले.

त्यानंतर आला तो मुलगा तिशीच्या आतला आणि कमी बोलणारा. त्याने पहिल्याच भेटीत 'अजून कळलं नाही, बघून सांगतो' असे म्हटल्याने घरातल्या सर्वांचा त्याच्यावरचा विश्वास उडाला. माझा मात्र तिथेच बसला. त्याने संगणकाआधी ताईंच्या पायांकडे पाहिले. ताई लाकडी पाटावर पाय ठेवून बसतात, कारण कॅबिनेटला हात लागला की बोटांना झिणझिण्या येतात. जुन्या तज्ज्ञांनी या पाटाची फार प्रशंसा केली होती. या मुलाने खिशातून मल्टिमीटर काढला, भिंतीतल्या प्लगमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यामध्ये धरला आणि आकडा मला वाचून दाखवला. जिथे दोन-तीन व्होल्ट असायला हवेत तिथे बेचाळीस होते. आमचे घर जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर आहे. अर्थिंगच्या खड्ड्यातले मीठ आणि कोळसा ओलावा धरून ठेवतात, पण सड्यावरचा खड्डा फाल्गुनातच कोरडा ठणठणीत होतो, गळणारी वीज जमिनीत उतरत नाही आणि मग संगणक ऐन हंगामात हवे तेव्हा बंद पडतो. हे त्याने कागदावर चित्र काढून समजावले. सर्व पासवर्ड बदलून पाकिटात घालून माझ्या हाती दिले आणि डोमेन माझ्या नावावर करून घेण्याचा अर्ज माझ्याकडूनच भरून घेतला.

आता फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत मी दर रविवारी त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओततो. शेजारच्या अण्णांनी कुंपणावरून विचारले, 'कसलं कलम लावलंत?' मी सांगितले, 'कॉम्प्युटरला पाणी घालतोय.' त्यांनी पाच मिनिटे त्या उघड्या जांभ्याकडे पाहिले, तपकीर ओढली आणि पुढच्या रविवारपासून न चुकता विचारू लागले, की मोहर कधी यायचा.