नदीचा आराखडा आणि आपण: एक खुलासा

‘गोदावरी सुधारण्याचा आराखडा साहेब लोकांनी करायचा, नागरिकांनी फक्त आरतीला यायचं,’ असा मेसेज नाशिकच्या ग्रुपांवर फिरतोय. हे खरं नाही. गोदेच्या प्रदूषणाचा प्रश्न 2012 साली मुंबई उच्च न्यायालयात नेला तो नाशिककरांनीच, जनहित याचिका करून. पात्रातल्या काँक्रीटखाली बुजलेल्या जुन्या कुंडांसाठीही इथलीच माणसं झगडली.

दुसरं, गोदा म्हणजे नुसतं रामकुंड नव्हे. नासर्डी ही उपनदी टाकळीजवळ तिला मिळते, दुसरी उपनदी वाघाडी पंचवटीतून येते. कुठल्या नाल्याला रात्री फेस येतो, कुठला झरा उन्हाळ्यातही ओला असतो, हे काठावर कपडे धुणाऱ्या मावशींना नकाशापेक्षा जास्त ठाऊक असतं. त्यांना आधी विचारा. आराखडा छापून झाल्यावर मागवलेल्या हरकती म्हणजे सहभाग नव्हे.