पगडीवरचा बिल्ला

इथे इंग्लंडमध्ये, ग्रेव्हसेंडला, टेम्सच्या काठी, शीख लढाऊ वैमानिक महिंदरसिंग पुज्जींचा पुतळा आहे. अंगावर रॉयल एअर फोर्सचा महायुद्धातला गणवेश, डोक्यावर पगडी, नजर आभाळात. मी त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. धाकट्या चुलतभावाने लगेच लिहिलं, "दादा, इंग्रजांच्या नोकराचं एवढं काय कौतुक?"

त्याचा राग मला कळतो. आम्ही साताऱ्याचे. पुज्जी १९४० साली लढाऊ वैमानिक म्हणून इंग्लंडला आले, आणि तीनच वर्षांत आमच्याकडे नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. २०२३च्या नौदल दिनी सिंधुदुर्गात जाहीर झालं, की अधिकाऱ्यांच्या खांद्यावरच्या चिन्हांत शिवरायांच्या वारशाची खूण येणार. तेव्हा ऊर भरून आला होता. परक्यांची चिन्हं उतरवलीच पाहिजेत. पण ती ज्यांच्या अंगावर होती, ती माणसंही त्यांच्याबरोबर टाकून द्यायची?

पुज्जींनी पगडी काढली नाही. हवाई दलाचा बिल्ला पगडीवर लावला, इअरफोनसाठी वेगळा पट्टा करून घेतला आणि जास्तीची एक पगडी विमानातच ठेवली. विमान पाडलं गेलं तर शत्रूच्या मुलखातही डोकं उघडं राहायला नको! डोव्हरजवळ त्यांचं हरिकेन विमान कोसळलं, तेव्हा पगडीच्या घड्यांनीच डोकं वाचवलं. पुढे ब्रह्मदेशच्या आघाडीवर त्यांना डीएफसी हे शौर्यपदक मिळालं. यात लाचारी कुठे दिसते, ते मला कुणीतरी दाखवावं.

आणि आपले हृषीकेश मुळगावकर? तेही १९४० सालीच, इंग्रजांच्या अमलात, हवाई दलात गेले. महायुद्धात लढले. स्वातंत्र्यानंतर काश्मीरच्या लढाईत महावीर चक्र मिळवलं, १९७६मध्ये हवाई दलप्रमुख झाले. श्रीनगर वाचवायला धावलेलं हवाई दल याच लोकांनी उभं केलेलं होतं. तेव्हा त्यांची आधीची नोकरी कुणी काढली नाही.

इथे राहून आणखी एक बाजू दिसते. २००९ साली इथल्या एका स्थलांतरितविरोधी पक्षाने प्रचाराला स्पिटफायरचं चित्र वापरलं. ते विमान निघालं पोलिश तुकडीचं. तेव्हा नव्वदीतले पुज्जी पुढे आले आणि वेगवेगळ्या देशांची माणसं या युद्धात लढली, त्याचा पुरावा मी स्वतः आहे, असं त्यांनी ठणकावलं. पुढच्याच वर्षी ते गेले. पुतळा उभा राहिला २०१४मध्ये. त्यांनी तो पाहिला नाही, याचं मला फार वाईट वाटतं. रेल्वेत कुणी "आपल्या देशात परत जा" म्हणतो, तेव्हा मला हाच गणवेश आठवतो. इथे तो माझ्या बाजूने साक्ष देतो, आणि माझ्याच घरी त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतात.

चुलतभाऊ जूनमध्ये येतोय. पहिल्याच रविवारी त्याला ग्रेव्हसेंडला नेणार आहे.