नुसत्या संस्कारांवर म्हातारपण निभत नाही

आपल्याकडे वृद्धाश्रमांवरून वाद पेटला की कुणीतरी हमखास म्हणतं, "तिकडे परदेशात मुलं आईबापांना वाऱ्यावर सोडतात." हॅम्बुर्गला जर्मन घरात सून म्हणून नांदताना मला हे ऐकवत नाही. जर्मनीत शुश्रूषेची गरज असलेल्या पाचांपैकी चाराहून जास्त माणसांची काळजी घरीच घेतली जाते.

माझ्या सासूबाई त्यांतल्याच. बाल्टिक समुद्राकाठी वार्नेम्युंडेला एकट्या राहतात. दोन्ही जर्मनी एक झाल्यावर पूर्वेकडची तरुण मंडळी कामासाठी पश्चिमेला गेली, त्यांत त्यांचा मुलगाही. कोकणातल्या घरांना हे वेगळं सांगायला नको. परवा शनिवार-रविवार मुलांना घेऊन तिथेच होतो. सकाळी सकाळी नर्स आली. तिने सासूबाईंना अंघोळ घातली, पायांची सूज उतरवणारे घट्ट मोजे रबरी हातमोज्यांनी इंच-इंच वर ओढत चढवले, वहीत नोंद केली आणि पुढच्या घरी गेली. आम्हाला उरली ती नुसती आजी. दुपारी नातवंडांना घेऊन ती वाळूतल्या छपराच्या वेताच्या खुर्चीत बसली, तळलेल्या मासळीचा पाव खात. अशी पहिली खुर्ची 1882 मध्ये रोस्टॉकच्या विल्हेल्म बार्टेलमान या बुरूडकाम करणाऱ्या कारागिराने बनवली, तीही संधिवात झालेल्या एका बाईंसाठी. त्यांना समुद्रावर बसणं सोडायचं नव्हतं.

नर्सच्या खर्चातला मोठा वाटा शुश्रूषा विमा उचलतो. 1995 पासून तो सक्तीचा आहे आणि पगारातून दरमहा त्याचा हप्ता कापला जातो. इथे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. वृद्धाश्रमात राहायचं तर विम्याचे पैसे वजा जाऊनही महिन्याला सरासरी 3000 युरोंच्या आसपास खिशातून जातात. नर्स तर इतक्या कमी, की केरळहून बोलवाव्या लागतात. तरीही म्हातारपण ही सगळ्या समाजाने मिळून उचलायची जबाबदारी आहे, हे इथे कायद्याने मान्य केलंय.

आपला 2007 चा कायदा मात्र मुलांकडे बोट दाखवतो : पोटगी द्या, नाहीतर शिक्षा. 2024 पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान भारतचं 5 लाखांचं कवच मिळालं, ते चांगलंच झालं. पण ते रुग्णालयापुरतं. घरी अंघोळ कोण घालणार, रात्री उठून कूस कोण बदलणार, यावर एकाही पक्षाचा जाहीरनामा धड बोलत नाही. बोलत नाही, कारण ते काम सुनेने करायचं हे सगळ्यांनी गृहीत धरलंय. त्यालाच आपण संस्कार म्हणतो, आणि याचा मला मनापासून राग येतो.

साताऱ्याला माझ्या आईचं सगळं वहिनी करते. त्यासाठी तिने शाळेतली नोकरी सोडली. तिला ना पगार, ना रजा, ना पुढे पेन्शन. इथे जर्मनीत घरच्या माणसाची शुश्रूषा करणाऱ्यांच्या पेन्शनचा हप्ता, काही अटींवर, तोच शुश्रूषा विमा भरतो. पुढच्या निवडणुकीत मतं मागायला कुणी दारात आलं, तर वहिनीच्या पेन्शनचं काय, हे त्यांना आधी विचारा.