सिगारेटच्या पाकिटातला माणूस

आमच्या गल्लीत चारमिनारचं रिकामं पाकीट एक पॉइंट, विल्स पाच, गोल्ड फ्लेक दहा आणि 555 मिळालं तर थेट शंभर. हे रेट कोणी ठरवले देव जाणे पण सांगलीत 1983-84 च्या सुमाराला आमचा सगळा व्यवहार याच करन्सीत चालायचा. शाळा सुटली की पानटपरीच्या आसपास घुटमळायचं, कोणी शेवटची सिगारेट काढून पाकीट फेकलं रे फेकलं की चार जण त्याच्यावर तुटून पडायचे. मग जमिनीवर गोल आखायचा, त्यात पाकिटं ठेवायची आणि लांबून चपटा दगड मारून बाहेर काढायची, जेवढी बाहेर निघाली तेवढी आपली. घरी दप्तरात पाकिटं सापडली तेव्हा वडिलांनी आधी माझा वास घेतला आणि मग धुतलं. वास येत नव्हता तरी धुतलं.

हे एकदम आठवायचं कारण म्हणजे एक बेसबॉलचं कार्ड, म्हणजे खेळाडूचं चित्र छापलेला पुठ्ठ्याचा तुकडा. व्हिजिटिंग कार्डापेक्षाही लहान, दीड इंचाच्या आतबाहेर रुंद आणि पावणेतीन इंचाच्या आत उंच. हे 2022 च्या ऑगस्टमधे 72 लाख 50 हजार डॉलरला विकलं गेलं. तेव्हाच्या रेटने 57-58 कोटी रुपये होतात, मी दोनदा गुणाकार करून बघितला. आणि हे कार्ड निघालं कुठून तर सिगारेटच्या पाकिटातून!

या कार्डाची ओळख मला पिट्सबर्गला झाली. पिट्सबर्ग म्हटलं की आपल्या लोकांना पहिलं बालाजी मंदिर आठवतं, मलाही तेवढंच माहीत होतं. प्रोजेक्टवर गेलो होतो, एका रविवारी नदीकाठी पीएनसी पार्क स्टेडियमच्या दारात एक पुतळा दिसला, बॅट फिरवून झालेला दणकट माणूस. खाली नाव, होनस वॅग्नर. मला वाटलं असेल कोणी जुना खेळाडू. सोमवारी ऑफिसात सहज विचारलं तर आमच्यातला एक म्हातारा सहकारी काम सोडून पाऊण तास बोलत बसला, आणि त्या दिवसापासून या वॅग्नरचं हे कार्ड माझ्या डोक्यात जे शिरलंय ते निघालेलं नाही. बेसबॉल मला आजही धड कळत नाही हे आधीच सांगून टाकतो.

तर हा वॅग्नर. जन्म 1874, जर्मनीहून आलेल्या घरातला, पिट्सबर्गजवळच्या कोळसा पट्ट्यात वाढलेला, बाराव्या वर्षी खाणीत कामाला लागलेला. पाय धनुष्यासारखे बाकदार, हात फावड्याएवढे. शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहायचा, आपला जॉन्टी ऱ्होड्स पॉइंटला असायचा त्या तोलामोलाची जागा समजा. असं सांगतात की बॉल उचलताना पंजात मातीखडेही यायचे आणि तो सगळा ऐवज बॉलसकट फर्स्ट बेसकडे फेकायचा. खरं खोटं सोडा, ऐकायला मजा येते. आठ वेळा लीगचा टॉप बॅट्समन. 1909 च्या वर्ल्ड सीरिजमधे, म्हणजे तिथल्या फायनलमधे, पस्तिशीच्या वॅग्नरच्या पिट्सबर्गने बावीस वर्षांचा स्टार टाय कॉब याच्या डेट्रॉइटला हरवलं, 4-3 मॅचनी. आणि 1936 मधे बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी पहिले पाच जण निवडले त्यात बेब रूथच्या बरोबरीने हा. सांगायचा मुद्दा, कार्ड महाग आहे म्हणून माणूस मोठा झाला असं नाही, तो आधीच मोठा होता.

आता त्याच 1909 साली अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या पाकिटात बेसबॉल खेळाडूंची चित्रं घालायला सुरुवात केली. पुठ्ठ्यामुळे मऊ पाकीट चेपत नाही आणि गिऱ्हाईक सेट पूर्ण करायच्या नादात तोच ब्रँड पुन्हा घेतं, एका दगडात दोन पक्षी. 1909 ते 1911 मधे मिळून 524 वेगवेगळी कार्डं आली, मागच्या बाजूला सोळा ब्रँडच्या जाहिराती. त्यात एका सिगारेटचं नाव टॉल्स्टॉय आणि एकीचं चक्क हिंदू! मी ते चित्र झूम करून करून बघितलं. बरं ही कंपनी म्हणजे नुसती कंपनी नव्हे, अमेरिकेतला जवळजवळ सगळा सिगारेटचा धंदा गिळलेला अजगर होता, 1911 मधे सुप्रीम कोर्टाने तिचे तुकडे करायला लावले.

आणि तिथली पोरं काय करायची? तंबाखूच्या दुकानाबाहेर उभी राहून येणाऱ्या जाणाऱ्या काका लोकांकडे कार्ड मागायची. मी म्हातारबाबांकडून हे ऐकलं आणि मला आमची टपरीच दिसली राव, फक्त थंडी जास्त.

एवढ्या मोठ्या खेळाडूचं कार्ड काढणारच की. काढलंही. केशरी पार्श्वभूमी, मधोमध भांग, चेहऱ्यावर हसू नाही, शर्टावर पिट्सबर्ग, तेही स्पेलिंगच्या शेवटी एच नसलेलं कारण त्या काळात सरकारने शहराचा एच काढून टाकला होता आणि 1911 मधे परत दिला (हा वेगळा विनोद). कार्ड छापायला लागले आणि लगेच बंद केलं, कारण वॅग्नर नाही म्हणाला. बाकीच्यांची कार्डं ढिगाने छापली आणि याची आज जगात पन्नास-साठच माहीत आहेत.

नाही का म्हणाला, इथे खरी भांडणं आहेत. लोकांना आवडणारी गोष्ट अशी की लहान मुलांनी माझं चित्र मिळवायला सिगारेटच्या नादी लागू नये म्हणून. दुसरी बाजू म्हणते कसलं काय, पैसे कमी देत होते. पैशाचं कारण सांगणारे पुरावा देतात की हा स्वतः तंबाखू चघळायचा, सिगार ओढायचा आणि काही वर्षं आधी एका सिगारवर त्याचं नाव आणि चेहरा झळकून गेला होता. पुरावा तगडा आहे. त्यावर कडी म्हणजे 1948 चं बबलगमबरोबर येणारं एक कार्ड आहे, तेव्हा म्हातारा वॅग्नर कोच होता, त्या कार्डावर तो तोंडात तंबाखू कोंबतोय. बबलगमच्या कार्डावर! म्हणजे पोरांच्याच हातात.

पण 1912 मधे स्पोर्टिंग न्यूज या पेपरात आलेली एक हकीकत आहे ती माझ्या डोक्यातून जात नाही. कंपनीने जॉन ग्रुबर नावाच्या पिट्सबर्गच्या एका पत्रकाराला सांगितलं होतं की वॅग्नरची परवानगी मिळवून दे, दहा डॉलर देतो. त्याने वॅग्नरला पत्र लिहिलं. वॅग्नरचं उत्तर आलं की सिगारेटमधे माझं चित्र नको, आणि सोबत दहा डॉलरचा चेक, माझ्यामुळे तुझं नुकसान नको म्हणून. आता मला सांगा, पैशासाठी रुसलेला माणूस दुसऱ्याचं कमिशन स्वतःच्या खिशातून भरतो का? पोरांचं कारण पत्रातल्या शब्दात नसेल, ते नंतर लोकांनी चिकटवलं असेल, पण हा नकार भाव वाढवायचा नकार नव्हता असं माझं मत आहे. आणि स्वतः खातो म्हणून नाही म्हणायचा हक्क जातो हे मला अजिबात पटत नाही. त्या काळात तिथे चघळायचा तंबाखू म्हणजे चारचौघांतली गोष्ट आणि सिगारेट म्हणजे पोरांना बिघडवणारी, अशीच समजूत होती, काही राज्यांनी तर सिगारेट विकायलाच बंदी घातली होती. आमच्या आजोबांची चंची उघडी पडलेली असायची पण सिगारेट ओढणारा मुलगा म्हणजे वाया गेला, तसंच.

इथे मला सचिन आठवतोच. 1996 च्या वर्ल्डकपला सचिनच्या बॅटवर स्टिकर नव्हतं, आठवतंय? कोरी बॅट आणि 523 रन, स्पर्धेत सगळ्यात जास्त. त्याने नंतर सांगितलं की तंबाखू आणि दारूवाल्यांच्या ऑफर होत्या पण वडिलांना शब्द दिला होता. आणि त्या वर्ल्डकपचं नाव काय होतं? विल्स वर्ल्डकप! पुढे काही वर्षं टीमच्या शर्टावरही विल्स. आता यावरून कोणी म्हणेल की मग काय उपयोग. अरे शर्ट बोर्डाचा, बॅट त्याची. आपल्या हातात जेवढं असतं तेवढ्यालाच आपण नाही म्हणू शकतो. आज टीव्हीवर कोण कोण हिरो वेलचीची जाहिरात करतात आणि ती वेलची म्हणजे नक्की काय हे शेंबड्या पोरालाही कळतं, ते बघताना मला वॅग्नरचा दहा डॉलरचा चेक आठवतो, एवढंच.

असो, कार्डाकडे वळू, कारण पुढची गोष्ट जास्त भारी आहे.

या कार्डांना आज टी-206 म्हणतात, पण हे नाव कंपनीने दिलेलं नाही. सिरॅक्यूजला जेफरसन बर्डिक म्हणून एक माणूस होता, कारखान्यात पार्ट जोडायचं काम, एकटा, संधिवाताने बोटं वाकडी झालेली. त्याने अमेरिकेतल्या झाडून सगळ्या छापील कार्डांची यादी केली, टी म्हणजे विसाव्या शतकातला तंबाखू आणि 206 हा सेटचा नंबर. 1930 च्या दशकात याच बर्डिकने वॅग्नरची किंमत लिहिली 50 डॉलर, तेव्हा बाकीची कार्डं चिल्लरमधे मिळायची. तीन लाखांच्या वर चिठोरी त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला फुकट दिली आणि मग तिथे बसून, त्या वाकड्या बोटांनी, वर्षानुवर्षं एकेक अल्बममधे चिकटवली. हो, डिंकाने! आजचे कलेक्टर हे ऐकून छातीला हात लावतात. 1963 च्या जानेवारीत शेवटचं पान संपवलं आणि मार्चमधे गेला. माझ्या मते या सगळ्या धंद्यात कार्डावर खरं प्रेम केलेला हाच एक माणूस.

आणि दुसऱ्या टोकाला सगळ्यात गाजलेलं वॅग्नर कार्ड. 1985 मधे बिल मास्ट्रो नावाच्या डीलरने 25 हजार डॉलरला घेतलं. 1991 मधे आइस हॉकीचा देव वेन ग्रेट्झ्की आणि त्याचा पार्टनर यांनी 4 लाख 51 हजारला. मग एका सुपरमार्केटच्या प्रमोशनमधे ते बक्षीस म्हणून ठेवलं आणि फ्लोरिडातल्या एका पोस्टात काम करणाऱ्या बाईंना लागलं, तर त्यांना त्यावरचा टॅक्स परवडेना! विकावं लागलं, 1996 मधे 6 लाख 41 हजार 500. पुढे 2000 मधे 12 लाख 65 हजार, 2007 मधे आधी साडेतेवीस लाख आणि त्याच वर्षी 28 लाख. हे सगळं का, तर याच्या कडा धारदार, कोपरे टोकदार, जणू कालच छापलंय. पीएसए नावाची कंपनी कार्डांना दहापैकी मार्क देते, तिने मार्क दिलेलं पहिलंच कार्ड हे. आठ मार्क.

आणि 2013 मधे मास्ट्रोने कोर्टात कबूल केलं की कडा त्याने कापल्या होत्या. म्हणजे जे कार्ड पन्नास-साठ भावंडांत सगळ्यात देखणं म्हणून मिरवत होतं ते कात्रीतून निघालेलं. मला हसू आवरत नाही हो. शंभर वर्षं पोरांच्या खिशात, बुटाच्या खोक्यात, भिंतीच्या फटीत काढलेल्या कार्डाचे कोपरे गोल होणारच ना, तेच तर त्याचं वय.

याच्या उलट 2010 मधे बाल्टिमोरच्या नन्सना त्यांच्यातल्या एकीच्या भावाच्या मृत्युपत्रातून एक वॅग्नर मिळालं, चुरगळलेलं, तीन बाजूंच्या पांढऱ्या कडाच गायब. ते लिलावात 2 लाख 62 हजारपर्यंत गेलं. 2021 मधे तर फाटलेलं अर्धं कार्ड, अर्धं! पावणेपाच लाख डॉलरला गेलं. आणि ते 72 लाखवालं, त्याला दहापैकी दोन मार्क आहेत. आमच्या वेळी दोन मार्कांना काय मिळायचं ते सांगत नाही.

त्याच महिन्यात 1952 चं मिकी मँटल या बेसबॉल खेळाडूचं एक कार्ड 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं आणि वॅग्नरचा नंबर खाली सरकला, पण त्या कार्डाबद्दल मला दोन वाक्यंही बोलता येणार नाहीत, सुंदर आहे, महाग आहे, संपलं. वॅग्नरचं अर्धं फाटकं कोणी दिलं तर मी त्या कापलेल्या आठ मार्कवाल्याशी बदलणार नाही. देणार कोणी नाही तो भाग वेगळा.

माझ्याकडचं 555 चं एकुलतं एक पाकीट मी कधी गोलात ठेवलंच नाही, दगड लागून फाटेल म्हणून भूगोलाच्या पुस्तकात दाबून ठेवलं. मग दहावीनंतर ते पुस्तक धाकट्या चुलतभावाला गेलं आणि त्याने ते पाकीट पहिल्याच दिवशी डावाला लावून घालवलं. तेव्हा त्याला मारलं होतं मी. आता वाटतं खेळला तोच.

तुमच्याकडे 555 ला किती पॉइंट होते ते सांगा. आणि चारमिनारला दोन होते असं जो सांगेल तो मिरजेचा असणार.