उतारावर न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवणाऱ्यांसाठी

‘गाडीचा खर्च निम्म्यावर आणा, पंपवाले हे कधीच सांगणार नाहीत’ असा सहा कलमांचा मेसेज सध्या घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. नुकतीच गाडी शिकलेल्या भाचीने तो वाचून ‘मग घाटात न्यूट्रल टाकायचं ना?’ असं विचारलं, म्हणून हे उत्तर. नाहीतर असले मेसेज पुसून टाकण्यापलीकडे कष्ट घ्यायची गरज नसते.

पहिलं कलम म्हणतं, पेट्रोल पहाटे भरा, थंड असतं म्हणून जास्त मिळतं. यात तथ्य आहे, पण पैशांत मोजण्याएवढं नाही. पेट्रोल एका अंशाला साधारण ०.१ टक्का फुगतं. पंपाची टाकी मात्र जमिनीत पुरलेली असते, तिथलं तापमान सकाळ-दुपारमध्ये जेमतेम हलतं. एका अंशाचा फरक धरला तरी पाच लिटरमागे ५ मिली, म्हणजे पन्नास पैसे. आणि उन्हात तापलेला टँकर रात्री रिकामा झाला असेल, तर पहाटेचं पेट्रोलही कोमटच.

दुसरं, शंभरच्या राउंड आकड्यावर मशीन कमी देतं म्हणे, म्हणून शंभरऐवजी एकशे दहाचं भरा. मशीन मीटरमधून गेलेलं पेट्रोल मोजतं आणि त्यावरून रुपये काढतं. मीटरच खोटा असेल तर एकशे दहालाही तेवढ्याच प्रमाणात कमी मिळणार. शंका आली तर पंपावरचं शिक्क्याचं पाच लिटरचं माप मागा, ते दाखवणं पंपावर बंधनकारक आहे. २५ मिलीपर्यंतची कमी-जास्त चालते. त्याहून कमी भरलं तर वैधमापन विभागाकडे तक्रार करा.

आता खरी घातक गोष्ट. ‘घाट उतरताना गाडी न्यूट्रल करा, जमल्यास इंजिनच बंद करा, फुकटात खाली याल.’ कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यंत्राच्या, जमान्यात यात थोडं तथ्य होतं. ॲक्सिलरेटर सोडला तरी गिअरमधलं वेगात फिरणारं इंजिन कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ओढतच राही. कॉम्प्युटर मोजून इंजेक्टरमधून पेट्रोल फवारतो अशा आजच्या इंजेक्शनच्या गाडीत तसं नाही. गिअर तसाच ठेवून पाय काढला आणि इंजिनचे फेरे मिनिटाला साधारण दीड हजाराच्या वर असले, की कॉम्प्युटर इंजेक्टर बंद करतो. चाकंच इंजिन फिरवतात, खप शून्य. ज्या गाडीत त्या क्षणाचं मायलेज दिसतं, तिच्यात हे डोळ्यांनी बघता येतं. न्यूट्रल टाकलंत की इंजिनला स्वतःच्या जिवावर चालू राहावं लागतं, आणि छोटी कारसुद्धा तासाला अर्धा-पाऊण लिटर जाळते. म्हणजे पेट्रोल वाचवायला निघालात आणि पंधरा मिनिटांच्या उतारावर सव्वाशे ते एकशे नव्वद मिली जाळलंत. सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये गाडी लांबवर घरंगळते आणि तिथे कधीकधी थोडा फायदा होतो, हे मान्य. पण घाटात प्रश्न गाडी पुढे नेण्याचा नसतो, आवरण्याचा असतो.

तो भार मग एकट्या ब्रेकवर येतो. सतत दाबलेला ब्रेक तापतो आणि ब्रेक ऑइलपर्यंत उष्णता जाते. डॉट ३ ऑइल नवं असताना २०५ अंशांच्या आत उकळू नये असा दंडक आहे, पाणी शोषलेल्या जुन्या ऑइलला तो १४० वर येतो. उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दबते आणि पेडल तळाला जातं. इंजिन बंद केलं तर आणखी वाईट. ब्रेकला मदत करणारा बूस्टर दोन-तीन दाबांत रिकामा होतो, पेडल ताठ होतं, स्टिअरिंग जड होतं. किल्ली पूर्ण फिरवली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवरच चालतो, त्यामुळे प्रत्येक दाबाला टाकीतली हवा घटत जाते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर ट्रकने एकामागून एक गाड्या ठोकल्या. आधी ‘ब्रेक फेल’ म्हणून बातम्या आल्या. पोलिसांनी प्राथमिक तपासानंतर सांगितलं, की चालकाने डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद केलं होतं. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी एवढं एक वाचावं. घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, आणि ब्रेक सतत न दाबता थोडा दाबून सोडत राहा.

मायलेज वाढवायला टाकीत कापूर किंवा डांबरगोळी टाकणं हा इंजेक्टरचा खर्च ओढवून घेण्याचा प्रकार. डांबरगोळीतलं नॅफ्थलीन २१८ अंशांना उकळतं, पेट्रोलचा सर्वांत जड भागही २१० पर्यंत उडून जातो. म्हणजे पेट्रोल उडालं तरी हे मागे उरतं. काही डांबरगोळ्यांत तर क्लोरिनची संयुगं असतात.

‘उन्हाळ्यात टाकी फुल केली तर स्फोट होतो’ या अफवेचं खंडन इंडियन ऑइलने स्वतः केलं आहे. गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या मर्यादेपर्यंत भरणं उन्हाळ्यात-हिवाळ्यात सारखंच सुरक्षित. नोझल आपोआप बंद झाल्यावर राउंड फिगरसाठी आणखी कोंबू मात्र नका. ते पेट्रोल वाफ अडवणाऱ्या कोळशाच्या डब्यात जाऊन तो खराब करतं.

शेवटचं कलम, टायरमध्ये हवा चाळीस पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवा. हवा कमी असली तर मायलेज घटतं हे खरं, दर पीएसआयमागे साधारण ०.२ टक्के. पण जास्त भरली की टायर मधोमध झिजतो आणि पावसात पकड सुटते. बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरचा दरवाजा उघडल्यावर खांबावर स्टिकर दिसतो, तोच आकडा पाळा, आणि तोही टायर गार असताना. लांबून आल्यावर तीन-चार पीएसआय वाढलेले दिसले म्हणून हवा काढू नका. टायर गार झाले की तीच हवा कमी निघेल.